घडणावळ कशाची?

सोनाराच्या पावतीवर दोन रकमा वेगवेगळ्या मांडलेल्या असतात. एक धातूची, दुसरी घडणावळीची. धातूचा हिशेब सरळ असतो. तोळे-मासे-गुंजा जाऊन ग्रॅम आले, तरी काट्याचा धर्म बदललेला नाही. दुसरी रक्कम मात्र नेमकी कशाबद्दल दिली जाते, हे विचारू गेल्यास उत्तर सहजासहजी मिळत नाही. कोणी म्हणेल श्रमांबद्दल, कोणी कौशल्याबद्दल, कोणी खर्ची पडलेल्या वेळाबद्दल. आणि तोच दागिना पुढे कधी मोडीत घालण्याची वेळ आली, तर ही रक्कम हिशेबातून सर्वस्वी नाहीशी होते. धातूचे मोल परत येते, हाताचे येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतून हा व्यवहार चालत आला आहे आणि तो फारसा कोणाला खटकलेला दिसत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, मातीच्या एका गोळ्याचे आणि लोहमणीचे उदाहरण देतो. लोहमणी म्हणजे सोन्याचा पिंड, असा अर्थ आचार्यांनी केला आहे. घट काय किंवा अलंकार काय, आकार हे केवळ नाव, खरे ते मूळ द्रव्य, असे त्याचे सांगणे. मोडीचा काटा हाती धरणारा सराफ हा उद्दालकाचा, नकळत का होईना, फार निष्ठावंत अनुयायी म्हटला पाहिजे.

घडणावळीचा हा जुना प्रश्न गेल्या तीसेक वर्षांत एका नव्या वस्तूने उकरून वर आणला आहे. मेटल क्ले, म्हणजे धातूची माती, या नावाने ती ओळखली जाते. उद्दालकाने शेजारी शेजारी ठेवलेले दोन दृष्टान्त तिने एकाच गोळ्यात कालवून टाकले आहेत, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

जपानमधील मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा या संशोधकाने १९९० च्या सुमारास ही माती सिद्ध केली. पुढे आयदा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीनेही आपली चांदीची माती बाजारात आणली. नंतर तांब्याची आणि कांशाचीही निघाली. मूळ कल्पना अगदी साधी आहे. चांदीची अतिशय बारीक भुकटी घ्यायची आणि तिच्यात जळून जाणारे एखादे सेंद्रिय चिकट द्रव्य व पाणी मिसळायचे. मळलेल्या कणकेसारखा गोळा तयार होतो. तो लाटता येतो, सुरीने कापता येतो, साच्यात दाबता येतो. लेसचा तुकडा, झाडाची साल, शिंपला, ज्याचा म्हणून ठसा उमटवाल तो हुबेहूब उमटतो. एखाद्या पानाच्या पाठीवर याच मातीचा पातळ लेप एकावर एक दहा-बारा वेळा दिला आणि वाळवून भट्टीत घातला, तर पान जळून जाते आणि शिरांच्या जाळ्यासह चांदीचे पान मागे उरते. हे काम आम्ही जवळून पाहिले आहे. ज्याने आयुष्यात कधी ऐरण पाहिली नाही, अशा माणसाच्या हातून तासा-दोन तासांत असे पान घडते, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

वाळल्यावर हा तुकडा खडूसारखा ठिसूळ होतो. त्या अवस्थेत त्याला कानशीने किंवा पॉलिश कागदाने घासून नीट करतात. मग भाजणी. चांदी ९६१ अंश सेल्सियसला वितळते. ही भाजणी मात्र त्याच्या खाली, मातीच्या प्रकाराप्रमाणे साधारण ६५० ते ९०० अंशांवर होते. म्हणजे चांदीचा रस होत नाही. चिकट द्रव्य तेवढे जळून जाते, आणि भुकटीचे कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे ते हळूहळू जुळून एकजीव होऊ लागतात. मधली जागा गेल्यामुळे वस्तू आकसते. पहिल्या मातीत हे आकसणे पाव हिश्श्याहूनही अधिक असे. नंतरच्या प्रकारांत ते आठ ते पंधरा टक्क्यांवर आले. भट्टीतून बाहेर आलेला दागिना पांढराफटक दिसतो, चुन्याचा असावा तसा. तारांच्या ब्रशाने घासला की आतली चांदी चमकू लागते, आणि ती असते हजारात नऊशे नव्व्याण्णव कसाची. जाता जाता एवढेच म्हणतो, की पंढरीच्या वाटेवर गोरोबा कुंभार आणि नरहरी सोनार एकत्र चालले खरे, पण त्यांचे धंदे एका पाटावर यायला विसावे शतक संपत यावे लागले.

आता आक्षेपाकडे वळू. आमच्या मंडळाच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेने हे काम शिकून घेतले आणि स्वतः केलेली कर्णफुले दिवाळीच्या एका स्नेहमेळाव्यात चार जणांना दाखवली. तिथे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. इंदूरच्या सराफ्यात त्यांच्या घराण्याची पेढी तीन पिढ्या चालली. त्यांनी ती फुले तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "चांगली आहेत हो, पण ही भातुकली झाली. याला हातचे काम म्हणू नका." शिक्षिकाबाईंनी शांतपणे विचारले, "काका, आपण तरी कधी ऐरणीपुढे बसलात का?" काका हसले आणि विषय तिथेच राहिला. परंतु दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच तो तिथे राहू देणे आम्हांला जमले नाही.

काकांच्या म्हणण्याचा गाभा असा, की ज्यात कष्ट नाहीत ते हातचे काम नव्हे. धातू हट्टी असतो. त्याला तापवावे, ठोकावे, पुन्हा तापवावे लागते. जंत्रीच्या एकामागून एका बारीक होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढावी लागते. फुंकणीच्या टोकाशी ज्योत कशी वळवावी, हे अंगवळणी पडायला वर्षे जातात. हे सारे कारखान्यात तयार होऊन आलेल्या पुडीने गिळून टाकले, तर हाताने केले ते काय? युक्तिवाद भारदस्त आहे, पण तो फार दूर नेता येत नाही. मऊपणा हा जर दोष असेल, तर मेणाच्या ओतकामालाही तो लागेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मेणाचे वजन पाहून त्या प्रमाणात धातू घ्यायचा, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातूचा रस सोडायचा. बस्तरचे ढोकरा काम आजही याच रीतीचे आहे. तिथेही बोटे फिरतात ती मेणावरून, आणि पुढचे अग्नी करतो. म्हणून त्या मूर्तीला हातची नव्हे असे कोणी म्हटलेले नाही.

कायद्याने तर हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दागिन्यांच्या व्यापारासाठी जी मार्गदर्शिका केली आहे, तिच्या २०१८ च्या आवृत्तीत 'हाताने घडवलेला' हा शब्द कधी वापरावा याचा नियम आहे. कच्च्या मालापासून शेवटच्या झिलईपर्यंतचे सारे घडणे हाताच्या श्रमाने व हाताच्या नियंत्रणाखाली झालेले असले पाहिजे; आणि कच्च्या मालाच्या यादीत पत्रा, तार, लगड यांच्या जोडीला मौल्यवान धातूची मातीही नावानिशी घातलेली आहे. तयार पत्रा विकत आणणारा सोनार हातचा ठरत असेल, तर तयार माती आणणारी बाईही ठरली पाहिजे, हे तर्काला धरूनच आहे. पण शब्द वापरण्याची मुभा मिळाली म्हणजे त्या शब्दाने ऐकणाऱ्याला जे वचन दिले जाते ते पाळले गेले, असे होत नाही. आमचा प्रश्न त्या वचनाचा आहे.

इथे आम्हांला एका ब्रिटिश लेखकाचे साहाय्य झाले. डेव्हिड पाय हे लाकूडकामातले स्वतः उत्तम कारागीर आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले प्राध्यापक. कारागिरीच्या स्वरूपावर त्यांनी १९६८ मध्ये पुस्तक लिहिले. हाताचे आणि यंत्राचे ही विभागणी त्यांना निरुपयोगी वाटते. तिच्या जागी ते जोखमीची कारागिरी आणि खात्रीची कारागिरी असा भेद करतात. लेखणीने लिहिणे हे जोखमीचे, कारण प्रत्येक अक्षराला हात चुकण्याचा संभव कायम असतो. छपाई खात्रीची, खिळे जुळले की पहिली प्रत तशीच हजारावी. जोखीम म्हणजे काम चालू असताना ते बिघडण्याचा जो धोका करणारा पत्करतो, तो. आमच्या मते घडणावळीचा अर्थ उलगडण्याची किल्ली इथे आहे. नुसते कष्ट मोजायचे तर दगड फोडणाऱ्याला सोनाराहून अधिक दिले पाहिजे.

सोनाराची जोखीम कुठे असते? झाळ देताना. करीमनगरच्या चांदीच्या तारकामाचा एखादा नमुना हैदराबादकरांनी पाहिला असेलच. केसासारखी तार पिळून, वळवून, वेलबुट्टीच्या चौकटीत बसवायची आणि सगळे सांधे झाळायचे. ज्योत क्षणभर कमी पडली तर झाळ धरत नाही, क्षणभर अधिक रेंगाळली तर तारच गळून जाते आणि दिवसभराचे काम त्या क्षणात संपते. बिदरच्या बिदरीकामातही असेच. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूत कोरून चांदी बसवल्यानंतर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या द्रावणाने धातू काळा करतात, पण चांदी उजळच राहते. ती माती योग्य की अयोग्य हे तिथले कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. पारख चुकली तर ती त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच ओसरीवर चुकते. बिघडलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही.

चांदीच्या मातीत यांतले बरेचसे टळते. आकार मनाजोगता आला नाही तर पाणी लावून पुन्हा मळा. वाळल्यावर चीर गेली तर ओल्या मातीने बुजवा. नरहरी सोनारांची कथा सर्वांस ठाऊक आहे. विठ्ठलाच्या कमरेचा दागिना त्यांनी आणून दिलेल्या मापावर घडवला, तर तो कधी लांब झाला, कधी आखूड; शेवटी डोळे बांधून राउळात जावे लागले आणि हाताने चाचपून माप घ्यावे लागले. या मातीतही माप चुकते, कारण भट्टीत वस्तू आकसते. बोटाहून अंगठी आधी मोठी करावी लागते. पण ते गणित पुडीवर छापलेले असते. एवढ्यावर थांबलो असतो तर काकांचे 'भातुकली' आम्हीही मान्य केले असते.

परंतु जोखीम गेलेली नाही. तिने जागा बदलली आहे, आणि ती ज्या जागी गेली तिथेच खरा नैतिक प्रश्न आहे. या मातीचा दागिना पुरेसा भाजला गेला नाही, तर कण अर्धवट जुळतात. वरून पाहता काहीच कळत नाही. घासला की तो पुऱ्या भाजलेल्याइतकाच चमकतो, कसही तितकाच उतरतो. छोट्या गॅसच्या ज्योतीवर काही मिनिटांत भाजणी उरकता येते, आणि लहानशा कर्णफुलाला ती पुरते. अंगठीचे मात्र तसे नाही. तिला रोजची ओढाताण असते. म्हणून जाणकार तिला भट्टीत ९०० अंशांवर दोन तास ठेवायला सांगतात. आणि एवढे करूनही ती ठोकलेल्या पत्र्याच्या अंगठीइतकी दणकट होत नाही, कारण तिच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतातच. घाईने भाजलेली अंगठी विकणाऱ्याच्या घरी मोडत नाही. ती मोडते दोन महिन्यांनी, घेणारीच्या बोटात. तारकामातली जोखीम करणाऱ्याच्या अंगावर होती; इथली जोखीम त्याने मनात आणले तर अलगद दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येते, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा घडणावळ कशाची, याचे आमचे उत्तर असे: जे गिऱ्हाइकाला दिसत नाही, कसोटीच्या दगडावर उतरत नाही आणि काट्यावर तुलत नाही, त्याची जबाबदारी कोणीतरी आपल्याकडे ठेवली, त्याबद्दलचे हे देणे आहे. ज्या बाईने दोन तासांची भाजणी दोन तासच केली, एखादी अंगठी मुद्दाम वाकवून, मोडून पाहिली आणि या वस्तूला पाण्यात, कामात जपावे लागेल असे घेणारीला स्पष्ट सांगितले, तिने घडणावळ पुरी मिळवली. तिला ऐरण ठाऊक नाही, हे तिच्याविरुद्ध जात नाही. जिने यातले काही केले नाही, तिच्या दागिन्यावर बोटांचे कितीही ठसे असोत, ते काम हातचे म्हणवून घ्यायला आमचा विरोध राहील.

बोटांच्या ठशांचा उल्लेख सहज केलेला नाही. या मातीवर करणाऱ्याच्या बोटाची रेघन्‌रेघ उमटते आणि भाजल्यावर चांदीत कायम राहते. पुष्कळ जण ती हेतुपुरस्सर ठेवतात, आणि तोच दागिन्याचा गुण म्हणून सांगतात. जुना सोनार याच्या नेमका उलट वागे. कानस, वाळू, झिलई यांनी तो आपल्या हाताची खूण पुसून टाकी. ठुशीच्या मण्यांवर घडवणाऱ्याचे बोट शोधून सापडत नाही. जॉन रस्किनने १८५३ मध्ये गॉथिक शिल्पाविषयी लिहिताना कामातल्या उणेपणाचा कैवार घेतला, तो कारागिराला यंत्रासारखे राबवू नये म्हणून. आणि ज्या जपानात ही माती जन्मली, तिथेच यानागी सोएत्सु यांनी नाव न कोरणाऱ्या, स्वतःला पुढे न करणाऱ्या कारागिरांच्या रोजच्या भांड्यांत सौंदर्य पाहिले आणि अशा वस्तूंसाठी १९३६ मध्ये टोकियोत संग्रहालय उभारले. दोघांनाही, आम्हांला वाटते, मुद्दाम ठेवलेला ठसा पाहून संकोच झाला असता. चुकून राहिलेली खूण माणसाची असते; विक्रीसाठी राखलेली खूण ही फार तर नक्षी. तिला नक्षी म्हणून दाद द्यावी.

शिक्षिकाबाईंच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट होती, आणि तिचे वजन आम्हांला सर्वांत अधिक वाटते. धातू घडवण्याची विद्या आपल्याकडे जन्माने बांधलेली होती. सोनाराच्या मुलाला ती मिळे, इतरांना नाही. आणि त्या घरातही ओवण्या-गाठवण्यात बायकांचा हात असला, तरी बागेसरीपुढची बैठक सहसा पुरुषाचीच. नथ, बुगडी, वज्रटीक, चिंचपेटी, तोडे, मोहनमाळ ही नावे जिच्या तोंडी असत, जिच्या स्त्रीधनाचा तो कणा होता, ती त्यातले काहीही घडवू शकत नसे. वाकलेला फासा सरळ करायलासुद्धा घरातल्या कोणा पुरुषाला सोनाराकडे धाडावे लागे. देशावरून माळव्यात, गुजरातेत, तेलंगणात आलेल्या आपल्या कुटुंबांनी डब्यातले दागिने पिढ्यान्‌पिढ्या जपले. घडवण्याचे ज्ञान बरोबर आणले ते फक्त सोनारांच्या घरांनी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, पोळपाटाएवढ्या जागेत, साठीच्या बाईला स्वतःच्या हाताने चांदीला आकार देता यावा, ही सोय लहान नाही. सोपेपणाला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की अवघडपणाच्या कुंपणाआड बहुतेकांना उभेच केले जात नव्हते.

मात्र याच सोयीची दुसरी बाजू काट्याजवळ उघडी पडते. हुपरीत चांदीच्या पैंजणांवर काम करणारा कारागीर बेळगावच्या वाचकांना परका नाही. आपल्या बाजारात घडणावळ बहुधा ग्रॅममागे किंवा धातूच्या किमतीवर टक्केवारीने लावली जाते. म्हणजे काम जितके नाजूक, तितके ते हलके, आणि तितका त्याचा हिशेब कमी. हाच नमुना चांदीत केला तर थोडी घडणावळ, सोन्यात केला तर पुष्कळ. हात तोच, तास तेवढेच. चांदीच्या मातीचा दागिना मात्र नगावर विकला जातो, कलाकृती म्हणून, आणि करणाऱ्याचे नाव त्याच्या चिठ्ठीवर छापलेले असते. मातीचा भाव नुसत्या चांदीहून बराच चढा असतो, हे खरे. तरी दोघांच्या पदरात पडणाऱ्या मोबदल्यातले अंतर त्याने भरून निघत नाही. दोन आठवड्यांत शिकलेल्या हाताला नगाचा भाव आणि वीस वर्षे झाळलेल्या हाताला वजनाचा, ही विषमता त्या शिक्षिकाबाईंनी निर्माण केलेली नाही. ती काट्याच्या रीतीत आधीपासून होती. नव्या मातीने ती दाखवून दिली, एवढेच.

यावर उपाय म्हणून आम्हांला मोठी योजना सुचत नाही. चांदीच्या मातीच्या दागिन्याबरोबर माती कोणती, भाजणी किती अंशांवर आणि किती वेळ, एवढे लिहिलेली चिठ्ठी द्यावी. आणि सोनाराच्या पावतीवर घडणावळीच्या रकमेसमोर घडवणाऱ्याचे नाव यावे. हे अशक्य नाही. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ नंतर दुकानात विकल्या जाणाऱ्या नगावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण बंधनकारक झाली. भारतीय मानक ब्यूरोच्या ॲपवर ती खूण घातली, की सोन्याचा कस कळतो, दागिन्याचा प्रकार कळतो, तपासणी केंद्र कळते, नोंदणी केलेल्या सराफाचे नावही कळते. ज्याने झाळ दिली, त्याच्या नावाची जागा त्या यादीत अजून नाही.